उजव्या भिंतीवरची दांडी

कुंभकोणम्,
४ जून २०२४

त्रिपुराक्कांस जानकीरामाचा नमस्कार.

पाकीट पाहून घाबरूं नका, सगळे जिवंत आहों. हल्लीं हातानें लिहिलेलें पत्र आलें कीं माणसें आधीं छातीवर हात ठेवतात, म्हणून हें पहिलें लिहिलें.

फोनवर विचारतां आलें असतें. पण घरच्या ग्रुपवर माझी लेक पवित्रा आहे. बापानें टाइल्सबद्दल कांहीं विचारलें कीं पांच मिनिटांत चेन्नईहून तिचा फोन येतो, "अप्पा, एक मेस्त्री बोलवा नि मोकळे व्हा." मेस्त्री बोलावला होता कीं! त्यानें न्हाणीघराच्या फरशीला असा उतार काढला कीं पाणी भोकाकडे न जातां दाराशीं येऊन उभें राहतें. आतां सगळें माझ्या हातानें करणार. तिरुभुवनमच्या रेशीम सोसायटींत छत्तीस वर्षें कागद हालवले, पण घरचे नळ आणि पंखे मीच दुरुस्त करीत आलों, हें तुमच्या बहिणीस विचारा.

तिला आतां विचारतां येत नाहीं, तेंच सांगायचें आहे. फेब्रुवारींत अंबुजेला झटका आला हें तुम्हांला ठाऊक आहे. उजवी बाजू लुळी पडली, तोंडचे शब्द गेले. मार्चपासून ती पवित्राकडे आहे. तिथें रोज व्यायाम करवून घेतात, चार पावलें टाकते म्हणे. डॉक्टर म्हणतात, घरचें न्हाणीघर नीट करा, धरायला दांडी लावा, मग घेऊन जा. म्हणजे माझें काम संपलें कीं ती आली. एवढ्यावरच अडलें आहे.

फोन लावतों तेव्हां पवित्रा तो तिच्या कानाला धरते. मी बोलतों. ती बोलत नाहीं, श्वास ऐकूं येतो. मग मी म्हणतों, बरें, ठेवतों.

ऐकतों कीं नोकऱ्या संपलेल्या हौशी मंडळींना जमवून तुम्ही कराडांत दर रविवारीं नळ, बिजागऱ्या, प्लास्टर असले उद्योग करतां. तर सांगा, फरशी न फोडतां उतार बदलतां येतो काय? आणि टाइल न तडकवतां दांडी कशी बसवायची? शेजारच्या स्वामीनाथानें आपल्या घरीं तीन तडकवल्या आणि आतां मला शिकवायला येतो. नकाशा सोबत आहे.

थकलों आहें, अक्का. अडुसष्ट म्हणजे कांहीं वय नव्हे असें लोक म्हणतात. म्हणूं द्यात.

जानकीराम


कराड,
१३ जून २०२४

जानकीरामराव,

पत्र मिळालं. तुमचे ते अनुस्वार बघून माहेर आठवलं हो. लग्न करून इथे आले तेव्हा मीही असंच बोलायचे. सासूबाई हसायच्या म्हणून सोडलं. शेजारणीला तुमचं पत्र दाखवलं तर म्हणाली, "अगंबाई, हे कुठल्या राजवाड्यातून आलंय?" म्हटलं, माझ्या मावसबहिणीचा नवरा आहे तो, आणि त्याला टाइल्स बसवायच्या आहेत.

आता कामाचं. फरशी फोडावी लागेल, सुटका नाही. वरून थर देऊन उतार काढायला जाल तर जमीन वर येईल आणि अंबुजेला दारात एक पायरी जास्तीची. चार फुटांना पाऊण इंच उतार द्या. जास्त दिलात तर पाय सरकेल. खडबडीत टाइल घ्या, दुकानदार चकचकीत गळ्यात मारेल. पाणसळ लावा, पण तिच्यावर विसंबू नका. तांब्याभर पाणी ओता, चहा पिऊन या. आल्यावर डबकं दिसलं तर उतार चुकला.

भोक पाडताना टाइलवर चिकटपट्टी लावा म्हणजे बिट घसरत नाही. टाइलचं वेगळं बिट मिळतं ते आणा, ड्रिलची ठोकायची कळ बंद ठेवा, थोडं थोडं पाणी शिंपडत जा. टाइल पार झाली की बिट बदला आणि मग विटेत घुसा. प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर दांडी लावू नका, लोखंडी अँकर बोल्ट लावा. आमच्या मंडळात एक दाताचे डॉक्टर आहेत. त्यांनी गिट्ट्यांवर लावलेली दांडी सासऱ्यांच्या हातात आली. सासरे ठीक आहेत, पण बोलत नाहीत.

उंची तीस इंच ठेवा, अंबुजा ठेंगणी आहे.

थकवा मलाही येतो. चौऱ्याहत्तर झाली. काम संपलं की जातो म्हणतात, बघू.

त्रिपुरा


कुंभकोणम्,
१० जुलै २०२४

त्रिपुराक्का,

फरशी झाली. नऊ दिवस लागले, गुडघे दोन्ही गेले. तांब्या ओतला, कॉफी पिऊन आलों, जमीन कोरडी! स्वामीनाथाला बोलावून दाखवली. तो पुष्कळ वेळ वांकून पाहत होता, मग म्हणाला, "दिवा बदलायला पाहिजे." माणसाला कांहीं तरी बोलावें लागतें.

दांडीही बसली. तिची उजवी बाजू अधू, म्हणून कमोडच्या उजव्या भिंतीला लावली, तिथेंच आधार पाहिजे ना. चार बोल्ट. मी स्वतः लोंबकळून पाहिलें, अठ्ठ्याहत्तर किलो. हालली नाहीं.

पवित्रा म्हणाली, मग या रविवारीं आणूं? मी म्हटलें, अगो, आषाढ लागला आहे. साडेतीनशें वर्षें आपण या मुलुखांत आहों, पण घरांत पंचांग आपलेंच पाळतों. आषाढांत कसें आणायचें? तिनें फोन ठेवला.

तोंवर एक अडचण विचारतों. न्हाणीघर मागें आहे, आणि स्वयंपाकघराच्या मागल्या दाराला चार इंचांचा उंबरा आहे. अंबुजा दर शुक्रवारीं त्याला हळदकुंकू लावी. तिचा पाय चार इंच उचलत नाहीं. आसारी सुताराला बोलावून कापून टाकावा काय? करवत घेऊन दोनदां बसलों आणि दोनदां उठलों. तिच्या हातची हळद अजून फटींत आहे.

जानकीराम


कराड,
१८ जुलै २०२४

जानकीरामराव,

उंबऱ्याला करवत लावाल तर याद राखा! तिनं चाळीस वर्षं पुजलेली वस्तू तिच्या मागे कापायची नाही.

उंबऱ्यावरून जाईल अशी दोन्ही अंगांना लाकडी उतरण करा. चार इंच उंचीला चार फूट लांब, म्हणजे तिला चढण जाणवणार नाही. पाण्यात टिकणारं प्लायवूड घ्या, वर रबराची पट्टी चिकटवा, खाली दोन आडव्या पट्ट्या मारा म्हणजे दबणार नाही. मुख्य म्हणजे ती ठोकून टाकू नका, सुटी ठेवा. शुक्रवारी उचलायची, हळद लावायची, परत ठेवायची.

आषाढाचं मला पटलं नाही. नवी सून आणताय का? घरचं माणूस घरी यायला मुहूर्त कसला? पण घर तुमचं.

त्रिपुरा


कुंभकोणम्,
२० ऑगस्ट २०२४

त्रिपुराक्का,

उतरण झाली. खेळण्यांतली गाडी वरून सोडून पाहिली, नीट जाते. स्वामीनाथ त्यावरून चालून गेला आणि म्हणाला, आवाज येतो. येऊं दे.

आषाढ संपला, पण तोंवर इथला आडी महिना चालू होता. गांवांत राहायचें तर गांवचेंही पाळायला पाहिजे; आडींत इथें कोणी घर बदलत नाहीं, नवें कांहीं करीत नाहीं. आतां तोही संपला. पण न्हाणीघर एवढें चांगलें झाल्यावर आंतली खोली कळकट दिसूं लागली, म्हणून रंग काढला आहे. रंगाचा वास तिला सोसायचा नाहीं, महिना तरी जाऊं द्यावा. मग पितृपंधरवडा येतो.

दुसरें असें कीं उताराबद्दल मला संशय आहे. पाऊण इंच जास्त तर नाहीं? अर्धा पुरे होता काय? मधल्या सहा टाइल्स काढून पुन्हां बसवाव्या असें मनांत आहे. दांडीची उंचीही फिरून मोजली, साडेतीस इंच भरते. नवा नकाशा पाठवतों, नीट पाहून लिहा.

पवित्रा आतां विचारीत नाहीं. गेले तीन फोन तिनें अंबुजेच्या कानाला लावले नाहींत, झोपली आहे म्हणाली. सकाळीं दहा वाजतां कसली झोंप?

जानकीराम


कराड,
२९ ऑगस्ट २०२४

जानकीरामराव,

टाइल्स काढू नका. न्हाणीघर जुलैतच झालं. तांब्या ओतलात, जमीन कोरडी झाली, तुम्हीच लिहिलंत. आता मला उताराचं विचारू नका.

आधी आमचा आषाढ, मग त्यांचा आडी, मग रंग, मग पितर. दोन पंचांगं हाताशी असली की वाईट दिवसांना काय तोटा! मी तसल्याच घरात वाढलेली आहे, मला शिकवू नका.

एक सांगते, कुणाला सांगितलं नाही. आमच्या ह्यांना, सुंदररावांना, कंपवात होता हे माहीत आहेच तुम्हाला. शेवटची तीन वर्षं अंथरुणात होते. त्या तीन वर्षांत मी मागच्या खोलीत अकरा फळ्या बसवल्या. अकरा! ठेवायला काही नव्हतं हो घरात. सगळे म्हणायचे, बघा बाई, या वयात काय हा उत्साह. ड्रिल चालू असलं की त्यांची हाक ऐकू येत नसे, म्हणून बसवल्या. त्यांना कळत होतं. एकदा मी ड्रिल ठेवून आत गेले तर म्हणाले, "झाली का फळी?" रागानं नव्हे, खरंच विचारलं. त्या फळ्यांवर आज रंगाचे रिकामे डबे आहेत आणि मी दर रविवारी लोकांना शहाणपण शिकवते.

तुम्हाला ती यायला नको आहे. वाईट माणूस आहात असं म्हणत नाही, दमला आहात. पण तसं म्हणा तरी. माझ्याकडून टाइल्सवर सही घेऊ नका.

त्रिपुरा


कुंभकोणम्,
९ सप्टेंबर २०२४

श्रीमती त्रिपुरसुंदरी यांस,

तुमचें पत्र पोंचलें. तुम्ही थोरल्या आहां म्हणून जास्त लिहीत नाहीं.

तुमच्या घरीं जें झालें तें तुमच्या घरीं. माझी बायको मला नको असें तुम्ही साडेसहाशें मैलांवर बसून कसें ठरवलें? नऊ दिवस गुडघ्यांवर बसून मी फरशी कोणासाठीं केली? उंबऱ्यावर उतरण कोणासाठीं? एकेक बोल्ट तिचें नांव घेऊन पिळला आहे. नकाशा तुमच्याजवळ आहे. जें जें केलें तें तिचा विचार करून केलें. एक चूक दाखवा.

जानकीराम


कराड,
१७ सप्टेंबर २०२४

जानकीरामराव,

रागावलात, बरं झालं. चूक दाखवा म्हणालात म्हणून नकाशा टेबलावर पसरून बसले. दाखवते.

अंबुजा पाण्याचा पेला कुठल्या हातानं धरते?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. पवित्रानं ऑगस्टमध्ये ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता, जेवतानाचा. सगळ्यांनी फुलं पाठवली, तुम्ही काहीच पाठवलं नाहीत. मला वाटलं, माणूस कामात असेल. आता उघडा तो आणि बघा. मग न्हाणीघरात जाऊन कमोडवर बसा, उजवा हात मांडीवर ठेवून द्या, मेलेला आहे असं समजा, आणि उठून दाखवा.

दांडी अधू बाजूला लावून काय उपयोग हो? धरायची कशानं?

ही चूक माझीही आहे. तुम्ही जुलैत लिहिलंत, "उजव्या भिंतीला लावली," आणि मी ते वाचून उंबऱ्यावर भाषण केलं. मी कोण मोठी तज्ज्ञ! भोक कसं पाडायचं ते सांगितलं, कुठल्या भिंतीत ते विचारलंच नाही. पण मी तिला डोळ्यांनी पाहिलेली नाही. तुम्ही तरी सहा महिन्यांत कितीदा पाहिलंत?

त्रिपुरा


चेन्नई, पवित्राचें घर,
१ ऑक्टोबर २०२४

त्रिपुराक्का,

तुमचें पत्र आल्यावर व्हिडिओ पाहिला. डावा हात. बेचाळीस वर्षें तिनें त्या हातानें मला मीठ देखील वाढलें नव्हतें. मग तुम्ही सांगितलें तसें न्हाणीघरांत जाऊन बसलों, उजवा हात मांडीवर ठेवला, आणि मला उठतां येईना. डाव्या हातानें त्या दांडीपर्यंत पोंचायला सगळें अंग पिळावें लागतें. अठ्ठ्याहत्तर किलोंचा गर्व होता मला! तिथेंच बसून रडलों. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या गाडीनें इथें आलों. पितृपंधरवडा चालू आहे. असूं दे.

तुम्ही लिहिलें, ती मला नको होती. तसें नाहीं, अक्का. पण तसें नाहीं म्हणतांना जीभ अडखळते, म्हणून खरें काय तें लिहितों, तें पवित्रालाही पुरतें ठाऊक नाहीं.

मार्चांत इस्पितळांतून तिला आधीं घरीं आणली होती. तिसऱ्या दिवशीं सकाळीं न्हाणीघरांत नेली. मीच धरलें होतें, दोन्ही काखांखालीं. ती माझ्याकडे पाहत होती. आणि माझे हात सुटले. घसरलों नाहीं, कोणी ढकललें नाहीं. हात थकले आणि सुटले. ती पडली, मी तिच्यावर पडलों. अर्धा तास आम्ही तिथें होतों. तिला ओरडतां येत नव्हतें आणि मला लाज वाटत होती म्हणून मी ओरडलों नाहीं. अर्ध्या तासानें स्वामीनाथाला हाक मारली. पवित्राला सांगितलें, फरशी ओली होती, मेस्त्रीनें उतार चुकीचा काढला. उतार चुकीचा होता हें खरें आहे. पण त्या दिवशीं फरशी कोरडी होती.

ती आली म्हणजे तिला पुन्हां धरावें लागणार. म्हणून टाइल्स, म्हणून उंबरा, म्हणून रंग. मला ती नको नव्हती, मला माझे हात नको होते.

काल हें सगळें तिच्यापाशीं बसून बोललों. पवित्रा बाजारांत गेली होती. अंबुजा ऐकत होती, डाव्या हातांत कॉफीचा पेला. मी हात सुटले म्हणालों तेव्हां पेला हालला आणि अर्धी कॉफी माझ्या सदऱ्यावर सांडली. मुद्दाम काय तें कळलें नाहीं. मग ती हंसली. अर्धेंच तोंड हंसतें आतां. तिला माफ करायचें होतें कीं नव्हतें, ठाऊक नाहीं. मी विचारलें, घरीं येणार? तिनें मान हालवली.

परवां तिला घेऊन निघतों. आणखी महिना थांबायला नको.

जानकीराम


कराड,
९ ऑक्टोबर २०२४

जानकीरामराव,

वाचलं. दोनदा वाचलं.

अर्ध्या तासाचं मनावरून उतरणार नाही. उतरेल असं खोटं सांगत नाही. माझ्या फळ्या अजून आहेत.

आता डाव्या भिंतीला नवी दांडी लावा, तीस इंचांवर. जुनी काढाल तेव्हा भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवा आणि वर टाइलच्या रंगाचं ग्राउट घासा. दिसणार नाहीत. सकाळी तिला नेताना एकट्यानं नेऊ नका. स्वामीनाथांना तोंड उघडायची हौस आहे, हातही लावू द्या.

माझा नमस्कार सांगा तिला. नाही, आशीर्वाद सांगा. थोरली आहे मी.

त्रिपुरा


कुंभकोणम्,
२१ ऑक्टोबर २०२४

त्रिपुराक्का,

ती घरीं आहे. पाऊस लागला आहे, आणि न्हाणीघरांत पाणी कुठेंही उभें राहत नाहीं.

उतरणीवरून ती आपल्या पायांनी गेली, काठी टेकीत. मध्यें थांबून खालीं पाहिलें, उंबरा दिसेना म्हणून. शुक्रवारीं उतरण उचलून दाखवली. हळद मी लावली, चुकीच्या बोटानें लावली, ती डोळ्यांनी रागावली. बरें वाटलें.

पहाटे साडेचारला उठतों. तिला उठवायचें, न्यायचें, धुवायचें, आणायचें, तोंवर सहा होतात, आणि मग मी पुन्हां आडवा होतों. स्वामीनाथ सकाळीं येतो, एक बाजू धरतो, आणि धरून ठेवतांना दिव्याबद्दल बोलतो. रोज असेंच चालणार. या सगळ्याचा कंटाळा येतो हें आतां मी लिहूं शकतों.

डाव्या भिंतीला दांडी लावली, ती घरीं असतांनाच. तिला दारांत खुर्चीवर बसवून विचारीत गेलों: इथें? वर? खालीं? ती डावा हात पुढें करी आणि मी पेन्सिलीनें खूण करीं. साडेअठ्ठावीस इंच झाले, अक्का. तुमचे तीस नव्हेत, माझे साडेतीस नव्हेत.

मग काल ती तिथें बसली असतांना मी पाना घेऊन उजवीकडची दांडी काढायला लागलों. पांढरें सिमेंट कालवून ठेवलें होतें, तुम्ही म्हणालां तसें. पहिला बोल्ट सैल केला आणि ती म्हणाली, "नको."

फेब्रुवारीनंतर तिच्या तोंडून मी ऐकलेला तो पहिला शब्द. मी म्हटलें, अगो, तुला त्या बाजूची कांहीं उपयोगाची नाहीं, उगाच अंगाला लागेल. तिनें मान हालवली. डावा हात उचलून आधीं त्या दांडीकडे दाखवलें, मग माझ्या हातांकडे. तोंड पुष्कळ वेळ हालत होतें. मी थांबलों.

"तुम्हाला," म्हणाली.

बोल्ट परत पिळला. आज सकाळीं तिला उठवतांना एक हात तिच्या कमरेला होता आणि दुसऱ्या हातानें मी ती दांडी धरली होती.

जानकीराम